रविवारी न येणारा भागीदार

कल्याणपासून ठाण्यापर्यंत जेवढे म्हणून पंपवाले, प्लंबर आणि टाक्या धुणारे असतील, त्या सगळ्यांत फोनवर खरं बोलणारा माणूस एकच आहे आणि तो नेमका माझ्या वाट्याला भागीदार म्हणून आला. आमचा धंदा सोसायट्यांचे पाण्याचे पंप बसवण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि टाक्या साफ करण्याचा. हा सगळा धंदा 'रस्त्यातच आहे' या दोन शब्दांवर चालतो. गिऱ्हाइकाचा फोन आला की माणूस अंथरुणात असला तरी रस्त्यातच असतो. हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं आणि तरी त्याला बरं वाटतं. आमच्या या गृहस्थांना एकदा कल्याणच्या एका चेअरमननी सकाळी साडेसातला विचारलं, "कुठपर्यंत आलात?" तर हा म्हणाला, "घरीच आहे साहेब. मुलीच्या वेण्या घालतोय. एक झाली, एक राहिलीय." चेअरमन इतके गांगरले की "सावकाश या" म्हणून त्यांनी फोन ठेवला, मग भानावर आले आणि मला लावला. पुढची दहा मिनिटं मी जे ऐकून घेतलं ते छापण्यासारखं नाही.

वय चौतीस, शिक्षणाने इंजिनिअर, धर्माने ख्रिस्ती, राहायला दिव्याला. मी डोंबिवली पूर्वेचा, त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठा, म्हणून तो मला दादा म्हणतो. अर्ध्या ठाण्याला पाणी चढवून देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या बिल्डिंगला दर दोन दिवसांनी टँकर लागतो. त्यावरून चिडवलं की म्हणतो, "म्हणून तर दादा, मला गिऱ्हाइकाचं दुःख कळतं." आणि खरंच कळतं हो, नको इतकं कळतं. नवीन पंप विकायला गेलेला हा माणूस जुन्यालाच कान लावून बसतो आणि म्हणतो, "अजून दोन वर्षं जाईल हा, कशाला बदलताय?" मी मागे उभा राहून खोकतो. तो मला विचारतो, "दादा, घसा बसलाय का?"

कुठलाही पंप चालू करण्याआधी त्यावर हात ठेवून, डोळे मिटून प्रार्थना करायची ही त्याची रीत. आणि प्रार्थना म्हणजे आपली दोन ओळींची नव्हे. त्यात पंप येतो, वायरमन येतो, सोसायटीतली म्हातारी माणसं येतात, त्याची स्वतःची दोन्ही मुलं येतात आणि आमचं काम पळवणारा समोरचा पंपवालासुद्धा येतो. दिव्यातच एका चाळीवजा इमारतीत दोन दिवस पाणी नव्हतं. बायका हंडे घेऊन जिन्यात उभ्या. हा डोळे मिटून खाली बसलेला. एका मावशींनी थोडा वेळ दम धरला आणि मग ओरडल्या, "अवो, झोपता काय, चालू करा की!" याने एक डोळा उघडला, "झालंच मावशी, तुमचंच चाललंय," म्हणाला आणि परत मिटला. पंप पहिल्या फटक्यात चालू झाला. मावशींनी पंपाला नमस्कार केला, याला नाही.

बायको कल्याणला बँकेत. तिची महिनाअखेर आली की आठ महिन्यांचा मुलगा याच्या पोटावर झोळीत बांधलेला आणि पाच वर्षांची मुलगी मागे, अशी वरात साइटवर यायची. पान्याच्या पेटीत पाने कमी आणि लंगोट जास्त. मुलीने एकदा कोटेशनच्या कागदावर, खाली जिथे माझी सही असते तिथे, शिंगं असलेला मासा काढला. कागद तसाच गेला. त्या सोसायटीने काम दिलं, पण पुढे सगळा पत्रव्यवहार 'मासेवाले' म्हणून केला. घरी फ्रिजवर याने एक वेळापत्रक लावलंय: आधी देव, मग बायको, मग मुलं, मग धंदा. चौथ्या नंबरवर मी. एवढं शिस्तीत मांडूनही बिचारा सगळीकडे उशिराच पोचायचा. चर्चला ग्रीसचे हात घेऊन, घरी जेवणं उरकल्यावर आणि माझ्याकडे कधीतरी. "दादा, प्रभू, बायको आणि तुम्ही, तिघंही माझ्यावर नाराज. त्यातल्या त्यात प्रभू लवकर माफ करतो," असं एकदा म्हणाला. हसत म्हणाला, पण थकलेला होता. मला ते दिसलं आणि मी त्याला तेव्हाच एक अर्जंट काम सांगितलं.

मी कितीही कुरकुर केली तरी त्या घरी जायला मला निमित्त लागायचं नाही. आम्हा नवराबायकोला मूल नाही. त्याची बायको दार उघडायची ती "धरा दादा" म्हणत, आणि काय होतंय कळायच्या आत ते बाळ माझ्या मांडीवर असायचं. पाणी, चहा, विचारपूस सगळं नंतर. माझ्या दोन शर्टांचं त्याने वाटोळं केलंय. ते शर्ट मी टाकले नाहीत.

तर हा माणूस रविवारी सकाळी येत नाही. मेला तरी येत नाही. आता सोसायट्यांच्या कमिट्या भेटतात कधी? रविवारी सकाळी दहाला! एरवी सगळे नोकरीवर. वर्तकनगरच्या एका मोठ्या सोसायटीचं वर्षभराचं काम निघालेलं, सहा इमारती, आणि बोलावणं आलं रविवारचं. मी त्याच्या हातापाया पडायचा बाकी राहिलो. "एकच रविवार रे! देव काय हजेरी घेतो?"

"देव नाही घेत दादा. मुलगी घेते. ती चर्चमध्ये पहिल्यांदाच पुढे उभी राहून बायबलमधलं वचन म्हणणार आहे. मी समोर दिसलो नाही तर तिची बोबडी वळेल." मग म्हणाला, "त्यांना सांगा ना, मी साडेबारापर्यंत येतो."

मी एकटाच गेलो. कमिटीसमोर बसलो. सेक्रेटरी रिटायर्ड गृहस्थ, बोलणं अगदी पुणेरी वळणाचं. त्यांनी विचारलं, "आपले इंजिनिअर भागीदार आले नाहीत?"

'चर्चला गेलाय' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. ते माझ्या तोंडातून निघेनात. भिंतीवर गणपती, बाजूला सत्यनारायणाच्या वर्गणीची यादी, समोर सात-आठ माणसं. आणि मला वाटलं, हा शब्द ऐकून यांचे चेहरे बदलतील. कुणाचाही बदलला नव्हता अजून. माझा बदलला होता. मी म्हणालो, "त्याची मुलगी ॲडमिट आहे हो. डेंग्यू."

सगळे हळहळले. काम आम्हाला मिळालं. इथवर थांबलं असतं तरी मी स्वतःला कसंबसं समजावलं असतं. पण सेक्रेटरींच्या पत्नी चहा घेऊन आलेल्या, त्यांनी पोरीचं नाव विचारलं. मी सांगितलं. नाव कुठल्याही घरात शोभेल असं आहे. मंगळवारी त्या काकूंचा फोन, देवळातूनच. "बाळीच्या नावाने अभिषेक करतेय, गुरुजी संकल्पाला थांबलेत. गोत्र काय हो त्यांचं?" मी माझंच सांगून टाकलं. काश्यप. अशा रीतीने दिव्याच्या एका ख्रिस्ती मुलीला, तिला नसलेला डेंग्यू बरा व्हावा म्हणून, माझ्या गोत्राने अभिषेक झाला. लोकांना हे सांगितलं की ते पोट धरून हसतात. मीही त्यांच्यात हसतो, आणि रात्री झोपताना स्वतःची शिसारी येते.

भागीदाराला मी काहीच बोललो नाही. काम सुरू करायला आम्ही दोघं वर्तकनगरला गेलो, तर काकू नारळ आणि प्रसाद घेऊन पंपरूमपर्यंत खाली उतरल्या. मागे सेक्रेटरी. "कशी आहे हो पोर? डेंग्यूने पार अशक्तपणा येतो. पपई द्या तिला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी पायाखालच्या फरशीकडे बघत राहिलो. माझ्या मनात तेव्हा काय यावं? 'बाबा रे, आज एकदाच खोटं बोल.' होय, आलं हे मनात.

"काकू," तो म्हणाला, "ती आजारी नव्हतीच. त्या रविवारी ती चर्चमध्ये वचन म्हणत होती आणि मी समोर बसलो होतो. आम्ही तुम्हाला खोटं सांगितलं. चूक आमची आहे. हा नारळ मी कसा घेऊ?"

आम्ही म्हणाला. आमची म्हणाला.

काकू माझ्याकडे वळल्या. "अहो, मग तसं सांगायचं ना! सभा दुपारी ठेवली असती. आमचे चेअरमन गुरुवारी मठात जातात, तर गुरुवारी आम्ही काही ठेवत नाही. आम्हाला काय समजलात तुम्ही?" या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी होतं, पण ते उच्चारण्यासारखं नव्हतं. सेक्रेटरी एवढंच म्हणाले, "कामाला लागा." काम आमच्याकडेच राहिलं. पण तेव्हापासून ते मला फोन करत नाहीत, त्यालाच करतात. आणि तो त्यांना खरंच सांगतो की तो अजून घरी आहे.

परत येताना टेम्पोत मी वाट बघत होतो, आता बोलेल, मग बोलेल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मानपाड्याच्या सिग्नलला त्याने तोंड उघडलं. "दादा, आजारच सांगायचा होता तर माझा सांगायचा. तिचा कशाला?"

मी "चुकलो रे" म्हणालो. तो "हं" म्हणाला. गाडी पुढे गेली.

बायकोपासून काही लपवायचं नाही हा त्याचा आणखी एक नियम, तेव्हा त्या संध्याकाळीच तिला सगळं कळलं. चार दिवसांनी मी धीर करून दिव्याला गेलो. तिने दार उघडलं, "या दादा" म्हणाली, पंखा लावला, पाणी दिलं. बाळ तिच्या कडेवर होतं. मी नकळत मांडी सावरून बसलो. ती बाळाला घेऊन आत गेली. चहा तोच घेऊन बाहेर आला आणि माझ्याशेजारी बसून म्हणाला, "तिला वेळ लागेल दादा." चहा चांगला झाला होता. मला संपवता आला नाही.

याला आता पाच महिने झाले. धंदा बरा चाललाय, मी अजूनही जातो. ती बोलते, जेवून जा म्हणते, माझ्या बायकोची चौकशी करते. कुणी बाहेरचा बघेल तर म्हणेल, काही झालेलंच नाही. परवा गेलो तेव्हा पोरगं भिंतीला धरून उभं होतं. मला पाहिलं, भिंत सोडली आणि डुलत डुलत माझ्याकडे निघालं. ती स्वयंपाकघराच्या दारात लाटणं हातात घेऊन थांबली. त्याला हाक मारली नाही, आणि मलाही 'धरा दादा' म्हणाली नाही. ते माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. मी हात पुढे केले नाहीत. आधी तिच्याकडे बघत राहिलो.