लिस्ट मी पुसली

चिन्मय, इरा — हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. परवा फोनवर चिन्मयने विचारलं, "आजी, आमच्या ओपन सोर्स ग्रुपने बोलायचं कुठे, ते ठरवायचंय. तुम्ही कसं ठरवलं होतं?" मी म्हटलं, सोय बघून. खोटं बोलले. तुम्ही त्यावर विसंबून ठरवाल, म्हणून लिहिते आहे.

आमचा प्रोग्राम मराठी टायपिंगचा. फुकट, कोणीही आत डोकावून बदल करावा असा. बोलणं सगळं मेलिंग लिस्टवर — प्रत्येक मेल सगळ्यांना जाई आणि वेबवर कोणालाही वाचता येई. त्या काळी मेलच्या खात्यात जागा इतकी कमी की आपापलं जुनं सगळेच पुसत. राही ते लिस्टवरच. मी टापटिपीची, म्हणून लिस्टचा पासवर्ड माझ्याकडे.

काळाचौकीचा प्रकाश आमच्यातला सगळ्यात चिवट. वडील गिरणीत होते. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, आणि याचं कॉलेज सुटलं. एकदा त्याने हट्ट धरला — जोडाक्षरं तुटताहेत, नवी आवृत्ती थांबवा. मी तारीख जाहीर करून बसले होते. रागाने मी लिस्टवर लिहिलं — कसं सांगू? — "तुमच्या लोकांनी संप करून गिरण्या बंद पाडल्या, आता हेही बंद पाडायचं आहे का?"

आवृत्ती थांबली, दुरुस्त होऊन निघाली. वाक्य मात्र तिथेच. नवा येणारा प्रत्येक जण जुन्या मेल चाळायचा, आणि मी मनात — याने वाचलं असेल का? तेवढी एक मेल काढली असती तर सगळ्यांच्या लक्षात आलं असतं. माफी? ती सगळ्यांसमोर मागावी लागली असती.

मग ग्रुपमधल्या नव्या पोरांना चॅट हवं झालं. दादरला एका शाळेच्या वर्गात आम्ही जमलो. "काकू, मेल म्हणजे तार केल्यासारखं वाटतं हो!" सगळे हसले. मीही — जरा जास्तच. उतरताना जिन्यात प्रकाशने मला गाठलं.

"काकू, चॅटवर जाऊ या, माझी ना नाय. पण जुनी लिस्ट वेबवर राहू द्या हां. डिग्री नाय ना माझ्याकडे. नोकरी मागायला गेलो की तीच दाखवतो — बघा, काय काय सोडवलंय मी. येत्या सोमवारी एका ठिकाणी बोलावलंय."

त्या वाक्याबद्दल तेव्हाही तो एक अक्षर बोलला नाही.

"बघते," मी म्हणाले.

ठाकूरद्वारला घरी आले, आणि चहाही न टाकता अख्खी लिस्ट पुसली. ग्रुपला कळवलं — चॅटवर जाताना तांत्रिक अडचण आली, जुन्या मेल गेल्या. सगळ्यांनी विश्वास ठेवला. इतकी व्यवस्थित बाई — का नाही ठेवणार?

प्रकाशला ती नोकरी मिळाली नाही. लिस्ट असती तर मिळाली असती का, मला माहीत नाही. चॅटवर तो कधी आलाच नाही.

त्या लिस्टवरचं आज एकच वाक्य शिल्लक आहे — माझं. मला ते शब्दन् शब्द पाठ आहे. प्रकाशलाही असेल.