पास्कलकाका आणि माझा अर्ज

पास्कलकाका गेल्याचा निरोप ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला, त्या ग्रुपमधून त्यांना मीच काढलं होतं. त्याला सात-आठ महिने झाले होते. निरोपाखाली जोडलेल्या हातांची रांग लागली, मीही दोन हात टाकले. पण खरं सांगतो, माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. मनात आलं, आता तरी आमची बातमी बाहेर फुटायची थांबेल...

आमचा गट बावखलं राखणारा. बावखल म्हणजे वसईच्या वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. केळी, भाजी, पानवेली सगळं त्यावर जगलेलं. आता त्यात भराव टाकला की वर चार मजले उभे राहतात. मी पूर्वेकडच्या चांदीपचा, भातशेतीवाल्या घरातला, आमच्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. नोकरीपायी माणिकपुरात खोली घेतली, गटात आलो आणि अर्ज नीट लिहिता येतो म्हणून सेक्रेटरी झालो. सहीखाली मी बी.ए. लिहितो. का लिहू नये? बापाने ती दोन अक्षरं चिखलात उभं राहून कमावली आहेत. काका मला त्याच नावाने हाक मारायचे. "काय बी.ए., आज कुणाला अर्ज?"

काका सत्तरीच्या पुढचे, स्वतःच्या केळीत राबणारे. त्यांच्याकडे बांबूची एक लांब काठी होती. दर मे महिन्यात, पाणी तळाला गेलं की ते प्रत्येक बावखलात ती उभी करायचे आणि ओली रेघ जिथे येईल तिथे कोयत्याने बारीक खूण पाडायचे. मी एकदा रजिस्टर आणलं, म्हटलं, हे वहीत उतरवू. तर म्हणाले, "काठी वाचायला शिकवत नाहीत काय कॉलेजात?" सगळे हसले. मी हसलो नाही.

मग एकापाठोपाठ दोन बावखलं गेली. दोन्ही वेळी आम्ही सरकारी पाहणीच्या अर्जासाठी जे तळं ठरवलं, त्यातच आठवड्याच्या आत डेब्रिज पडलं. तेही रविवारी सकाळी, सगळा गाव मिस्साला चर्चमध्ये असताना. म्हणजे आमच्यातलाच कुणीतरी सांगत होता. मी एकेकाला मनात तपासू लागलो. त्यात गटातल्या एकाने सांगितलं की काका हल्ली प्रवचन सुरू झालं की मागच्या दाराने निघून जातात. मग मी स्वतः त्यांना माणिकपूरच्या रिक्षा स्टँडजवळ, डंपर पुरवणाऱ्या माणसासोबत टपरीवर पाहिलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "चहा प्यालो." एवढंच. आणि वर, मी नवा अर्ज टाइप करत असताना, "बी.ए., तळ्यांची नावं लिहू नकोस. कागद फिरतो. तोंडाने सांग." मला दुसरा पुरावा नको होता. "तुम्हाला अर्जातलं कळत नाही, काका," म्हटलं आणि चार बावखलांची यादी, कसं जायचं त्याच्या नकाशासकट, एका कार्यालयात देऊन आलो. त्याच आठवड्यात कुणालाही न विचारता त्यांचा नंबर ग्रुपमधून काढला.

शेवटचे भेटले ते बाजारात. हातात फोन. "बी.ए., माझा फोन बिघडलाय काय बघ रे. ग्रुपवर काही येतच नाही." मी फोन हातातही घेतला नाही. "नेटवर्क नसेल," म्हटलं. ते मान हलवून निघून गेले... मातीच्या वेळी मी मागे उभा होतो. डंपरवालाही आला होता, त्याने फूल वाहिलं. मी तेही मनात नोंदवून ठेवलं.

तीन आठवड्यांनी, रविवारी, मी चिंचेच्या बावखलापाशी पहाऱ्याला बसलो. यादीतली तीन एव्हाना भरून गेली होती, हे शेवटचं उरलेलं. चर्चची घंटा झाली आणि भरलेला डंपर वाडीच्या तोंडाशी येऊन थांबला. ड्रायव्हर परगावचा. "भाऊ, वो इमलीवाला तालाब यहीच क्या?" म्हणत त्याने काचेमागचा कागद पुढे केला. झेरॉक्स होती. माझाच नकाशा, चिंचेच्या झाडाचं चित्रही मीच काढलेलं, खाली माझी सही. सहीखाली बी.ए.

मिस्सा सुटून माणसं येईपर्यंत मी डंपरसमोर उभा राहिलो. तो भरलेलाच मागे वळला.

तसाच काकांच्या घरी गेलो आणि फिलूकाकींना सगळं सांगितलं, ग्रुपचंही. त्या भाजी निवडत होत्या, हात थांबले नाहीत. "प्रवचन सोडून कुठे जायचे वाटलं तुला? तू अर्जात जी नावं लिहायचास, त्यातल्या एका तळ्यावर जाऊन बसायचे. माणूस एक, तळी चार. नावं लिहू नकोस, सांगितलं होतं ना त्यांनी तुला?" मी म्हटलं, सांगितलं होतं. "मग तू काय म्हणालास, तेही मला सांगितलंय त्यांनी." मला वाटलं आता रडतील. त्या आत गेल्या आणि काठी घेऊन आल्या. "घेऊन जा. इथे आता कोण पाणी मोजतंय?"

अर्ज कार्यालयातून कुणी बाहेर दिला ते कळलेलं नाही. तिथे गेलो की प्रत्येक टेबलाकडे मी संशयाने बघतो. आणि टपरीवरचा तो चहा कशाचा होता, हेही मला ठाऊक नाही. काकींनाही नाही. तो प्रश्न अजून जात नाही. माझा स्वभावच तसा झालाय, काय करू.

या मे महिन्यात काठी घेऊन चिंचेच्या बावखलात उतरलो. काठीवर खुणाच खुणा. कुठली कुठल्या तळ्याची, कुठल्या वर्षाची, मला एकही वाचता आली नाही. पाणी दोन खुणांच्या मधे येऊन थांबलं. सवयीने खिशातलं पेन काढलं, मग परत ठेवलं. काठावर कोयता ठेवला होता, तो घेतला. माझी खूण काकांच्या खुणांपेक्षा जाड आणि वाकडी पडली आहे.