सहा ट्रेलर, नऊ किल्ल्या

"दरवाजा शाबूत, कुलूप शाबूत आणि आतला लॅपटॉप गायब!" विलासरावांनी माझ्या काउंटरवर हात आपटला. "आता तूच सांग, चाबी कोणाकडे आहे?"

"तुमच्याकडे," मी म्हणालो.

"आणि दुसरी?"

"तीही तुमच्याकडे. दोन बनवल्या, दोन दिल्या."

"तिसरी तू ठेवली असशील. तुमच्या धंद्यात ठेवतातच."

दुकानात त्या वेळी जोशीबाई उभ्या होत्या. माझ्या दोन्ही मुलांना त्यांनी गणित शिकवलं. वीस वर्षं त्यांच्या घरातली प्रत्येक किल्ली माझ्या हाताखालून गेली. त्या दिवशी त्या कपाटाची डुप्लिकेट करायला आल्या होत्या. किल्ली काउंटरवर पडली होती. ती त्यांनी हळूच उचलली आणि पर्समध्ये टाकली.

"राहू दे रे प्रकाश, घाई नाही. नंतर येते," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

विलासरावांच्या बोलण्याचा मला राग आला. पण बाईंच्या पर्सची चेन बंद झाली तो आवाज जास्त लागला.

माझं दुकान महाकालच्या नगरीत, फ्रीगंजात, टावर चौकाच्या जवळ. आमच्या घरात सगळे बँकेत, शाळेत, रेल्वेत. मी दहावीनंतर देवास गेटला बसस्टँडसमोर पोत्यावर बसून किल्ल्या घासायला लागलो. नातेवाईक लग्नकार्यात माझी ओळख 'हार्डवेअरमध्ये आहे' अशी करून द्यायचे. माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. म्हणाले, "चाबी दे दी, नंबर भूल जा."

हा नंबर म्हणजे काय, ते सांगतो. किल्लीला खाचा असतात. प्रत्येक खाच किती खोल आहे, ते आकड्यांत लिहिता येतं. तो आकडा ज्याच्याकडे आहे तो कुलूप न पाहताही किल्ली कापू शकतो. म्हणून माझ्या रजिस्टरमध्ये गिऱ्हाइकाचं नाव, तारीख आणि कुलपाचा प्रकार असतो. नंबर कधीच नसतो. या धंद्यात माणूस नावावर जगतो. एकदा तो चोर ठरला की त्याच्या दुकानात कोणी किल्ली टाकत नाही. बाईंनी ते दाखवून दिलंच होतं.

"उद्या सकाळी तुमच्या जागेवर येतो," मी विलासरावांना म्हणालो. "चोर शोधणं पोलिसांचं काम. पण तो कुठून शिरला ते मी दाखवतो. माझ्या कुलपातून शिरला असेल तर दुकान बंद करतो."

विलासरावांकडे नदीपलीकडे शेताचा एक तुकडा आहे. तिथे त्यांनी सहा छोटे कॅम्पिंग ट्रेलर आणून ठेवलेत. कॅम्पिंग ट्रेलर म्हणजे कारच्या मागे जोडून न्यायची चाकांवरची खोली. आत एक पलंग, छोटी शेगडी, पाण्याची टाकी. दर्शनाला आलेल्या कुटुंबांना ते राहायला मिळतात. कुणाला हवा असेल तर ट्रेलर गाडीला जोडून मांडवगडला, ओंकारेश्वरला नेताही येतो.

चार महिन्यांपूर्वी कुलपांचं काम माझ्याकडे आलं होतं. ट्रेलरला घराचं कुलूप चालत नाही. दरवाजा जेमतेम इंचभर जाड, आत सगळा फोम. रस्त्यावर हादरे बसतात, स्क्रू ढिले होतात, धूळ आत जाते. मी तीन गोष्टी सुचवल्या होत्या. दरवाजाला पातळ दरवाजासाठी बनलेलं चांगलं कुलूप. पुढे जो लोखंडी कप गाडीच्या गोळ्यावर बसतो, त्या कपलरला वेगळं कुलूप, नाहीतर कुणीही अख्खा ट्रेलर जोडून घेऊन जाईल. आणि बाहेरून सामान ठेवायची जी डिक्की असते, तिचं कुलूप बदला.

विलासरावांनी एस्टिमेटमधल्या डिक्कीच्या ओळीवर रेघ मारली. "कंपनीचं आहे, अच्छं-भलं आहे. तू फक्त बिल वाढवतोस."

मी स्वतः भाव करणारा माणूस आहे आणि दुसऱ्याने भाव केला की माझं डोकं फिरतं. मी म्हणालो, "मर्जी तुमची." डिक्कीचं कुलूप का बदलायचं ते सांगितलं नाही. हे इथेच कबूल करतो, कारण पुढे ते माझ्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी तिथे पोचलो. चोरी चार नंबरमध्ये झाली होती. मी भिंग लावून दरवाजाचं कुलूप पाहिलं. तार घालून उघडलेल्या कुलपात बारीक चरे दिसतात. इथे एकही नव्हता. स्क्रूवर मी लावलेला लाल ठिपका तसाच, म्हणजे स्क्रू कुणी फिरवला नव्हता. मग मी डिक्कीपाशी खाली बसलो आणि तिथल्या कैलाशला हाक मारली. पाहुण्यांना किल्ल्या देणं, सफाई करून घेणं, पाणी भरणं, सगळं तोच बघतो.

"कैलाश, इसकी चाबी?"

त्याने खिशातून एक जुडगा काढला. लाल नाड्यात ओवलेल्या बारीक किल्ल्या, काहींवर अजून कुंकू.

"चार नंबर की कौन सी?"

"कोई भी लगा लो भिया."

"कोई भी मतलब?"

कैलाश हसला. "गाड़ियाँ आईं तो छहों की पूजा एक साथ हुई थी. सब चाबियाँ एक ही थाली में रखीं, मिल गईं. किसकी कौन सी, किसी को याद नहीं. पर महाकाल की कृपा देखो, जो उठाओ वो लग जाती है!"

मी जुडग्यातली पहिली किल्ली घातली. डिक्की उघडली. तीच किल्ली एक नंबरला लावली. उघडली. सहाही डिक्क्या एका किल्लीने उघडल्या.

यात कृपा नव्हती. अशी छोटी कुलपं कारखाने घाऊक घेतात. किल्ली फिरवली की मागची पट्टी फिरते, ऑफिसच्या टेबलाच्या ड्रॉवरला असतं तेच. खूपदा अख्ख्या पेटीतल्या सगळ्या कुलपांची किल्ली एकच असते.

"विलासरावांना सांगितलं होतंस हे?"

"बताया था. बोले, अच्छा है, झंझट कम."

"किल्ल्या मोज."

प्रत्येक डिक्कीला दोन, म्हणजे बारा हव्यात. जुडग्यात नऊ होत्या. उरलेल्या तीन पाहुण्यांबरोबर कुठे गेल्या, कैलाशला माहीत नव्हतं. त्यांतली कोणतीही एक ज्याच्या खिशात होती, त्याला सहाही ट्रेलर मोकळे होते.

मी विलासरावांना फोन करून बोलावलं. ते आले ते गॉगल लावून, तोंड फुगवून.

"गॉगल द्या," मी म्हणालो. तो चार नंबरच्या आत पलंगावर ठेवला, दरवाजा माझ्या कुलपाने बंद केला आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. "मुठीत धरा. दुसरी कुठे आहे?"

"घरी, तिजोरीत."

"छान. आता बघा."

लाल नाड्यातली एक किल्ली घेऊन मी डिक्की उघडली. डिक्कीच्या वर पलंगाची फळी असते आणि ती नुसती ठेवलेली असते, स्क्रू नाही. आत हात घालून फळी उचलली असती तरी गॉगल मिळाला असता. पण मला पूर्ण आत जायचं होतं. माझं वय अठ्ठावन्न आणि पोट वयाच्या पुढे. खांदे गेले, कमरेला अडकलो.

"रहने दो भिया, फँस जाओगे," कैलाश म्हणाला.

"धक्का दे."

"अरे प्रकाश, कळलं मला," बाहेरून विलासराव म्हणाले.

"तुम्हाला कळलं नाहीये. कैलाश, धक्का!"

कैलाशने पाय धरून ढकललं. शर्ट फाटला. मी डोक्याने फळी गादीसकट उचलली, पलंगावर चढलो आणि दरवाजा आतून उघडून गॉगल लावून बाहेर आलो.

विलासरावांनी मूठ उघडून किल्ली पाहिली. मग म्हणाले, "हे तू आधी सांगायला हवं होतंस."

"एस्टिमेटमध्ये लिहिलं होतं. तुम्ही रेघ मारली."

"बदला एवढंच लिहिलं होतंस. का, ते कुठे सांगितलंस?"

ते खरं होतं. मी गॉगल काढून दिला. "डिक्क्यांचं काम करून देतो. एका अटीवर. दुकानात जे बोललात ते दुकानात येऊनच मागे घ्यायचं. जोशीबाईंसमोर."

"येतो की. त्यात काय एवढं!"

काम मी आठवड्यात पूर्ण केलं. प्रत्येक ट्रेलरला स्वतःची एक किल्ली, दरवाजा आणि डिक्की दोन्हीला तीच. शेजारच्या ट्रेलरला ती लागणार नाही. कपलरची किल्ली निराळी. पलंगाच्या फळ्यांना स्क्रू. किल्लीवर ट्रेलरचा नंबर लिहायचा नाही, कारण हरवलेली किल्ली सापडणाऱ्याला पत्ता सांगते. कैलाशने त्यावर भाज्यांची नावं काढली. एक नंबर भेंडी, दोन नंबर टिंडा, चार नंबर गिलकी. नव्या कुलपांच्या प्रत्येक जोडीबरोबर एक कार्ड येतं, त्यावर किल्लीचा नंबर असतो. ती सहा कार्डं मी पाकिटात बंद करून विलासरावांच्या हातात दिली.

"कार्ड एका जागी, जादा किल्ल्या दुसऱ्या जागी. एकत्र ठेवू नका. आणि माझ्याकडे काही राहिलेलं नाही, हे लक्षात ठेवा."

"हो रे बाबा."

लॅपटॉप मिळाला नाही. विलासरावही दुकानात आले नाहीत. दोनदा फोन केला, तर 'या आठवड्यात येतो'. जोशीबाईंनी किल्ली दुसरीकडून करून घेतल्याचं मला त्यांच्या सुनेकडून कळलं. ती कपाटात अडकते, हेही कळलं. रस्त्यात भेटल्या तर बाई मुलांची चौकशी करायच्या, कुलपांची नाही.

तीन महिन्यांनी एका दुपारी विलासरावांचा फोन आला. "प्रकाश, गिलकी गेली!"

चार नंबरचे पाहुणे किल्ली घेऊन सुरतला निघून गेले होते. दरवाजा बंद. संध्याकाळी सात वाजता नवं कुटुंब येणार, बरोबर म्हातारी आजी.

"जादा किल्ली काढा."

"ती पाकिटात आहे."

"मग कार्ड?"

"तेही त्याच पाकिटात."

"पाकीट कुठे आहे?"

"जुन्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये." मग म्हणाले, "गाडी मागच्या महिन्यात विकली. ज्याने घेतली तो फोन उचलत नाही. तुझ्याकडे नंबर असेलच ना?"

माझं डोकं क्षणात थंड झालं. असं माझ्या बाबतीत क्वचित होतं.

"फोनवर नको," मी म्हणालो. "चार वाजता दुकानात या."

फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला. "बाई, तुमच्या कपाटाची किल्ली अडकते म्हणे. चारला या, बघून देतो."

जोशीबाई पाच मिनिटं आधीच आल्या. मी त्यांना स्टूल दिलं. चार वाजता विलासराव घाईघाईत पायऱ्या चढले. बाईंकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"नंबर दे बाबा लवकर."

"कसला नंबर?"

"चार नंबरच्या चाबीचा. तुझ्याकडे कुठेतरी लिहिलेला असेल ना?"

"जरा मोठ्याने बोला. मशीन चालू आहे."

मशीन बंद होतं. ते तरीही मोठ्याने म्हणाले, "माझ्या ट्रेलरच्या चाबीचा नंबर तुझ्याकडे आहे का?"

मी रजिस्टर काढलं, त्यांचं पान उघडलं आणि काउंटरवर बाईंच्या बाजूला वळवून ठेवलं. नाव, तारीख, कुलपाचा प्रकार.

"नाही. नंबर नाही, चाबी नाही. तेव्हाही नव्हती."

विलासरावांना आता बाई दिसल्या. त्यांनी रुमालाने मान पुसली. "नव्हतीच रे. मी तेव्हा रागात बोलून गेलो, बाई. याची काही चूक नव्हती."

"थोडी होती," मी म्हणालो. "पण ती नव्हती."

बाई स्टुलावरून उठल्या. त्यांनी पर्सची चेन उघडली, कपाटाची किल्ली काढली आणि रजिस्टरच्या त्या पानावर ठेवली.

"दोन कर," म्हणाल्या. "आणि या अडकल्या तर बघ हं."

चार नंबरचा दरवाजा मी साडेसहाला तार घालून उघडला. आजी सातला आल्या, व्यवस्थित झोपल्या. सहाही ट्रेलरची कुलपं पुन्हा बदलावी लागली, कारण ते पाकीट आता कुणाच्या तरी गाडीत फिरतंय. या वेळी विलासरावांनी एस्टिमेटवर एकही रेघ मारली नाही.

आता कोणी कुलपाबद्दल विचारलं तर मी आधी दोन प्रश्न विचारतो. जादा किल्ली कुठे ठेवणार? आणि गाडी विकायचा विचार आहे का?