मेश्रामसरांसाठी वडे

बातमी टीमच्या ग्रुपवर आली तेव्हा मी हिंजवडीच्या बसमध्ये होते. ‘मेश्रामसर गेले.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. सात वर्षं ज्यांच्या शेजारी बसले, त्यांना एकदाही नीट ‘थँक यू’ म्हटलं नव्हतं.

सर मूळचे नागपूरचे, आमचे टीम लीड. क्लायंट मेक्सिकोचा. तिकडे नोव्हेंबरात मृतांचा सण असतो. घरोघरी झेंडूची फुलं, गेलेल्यांचे फोटो, त्यांच्या आवडीचं खाणंपिणं, कबरींपाशी गाणी. एकदा कॉलवर तिकडच्या रोझाने हे सगळं रंगवून सांगितलं आणि विचारलं, तुमच्याकडे? सरांनी माझ्याकडे बोट केलं. मी चाचरत म्हणाले, आम्ही कावळ्याला पान वाढतो.

“आणि त्याला भूक नसली तर?”

“मग... गेलेल्या माणसाला वचन देतो. तुमची राहिलेली इच्छा पुरी करू म्हणून.”

रोझा खो-खो हसली. “म्हणजे तुमचे मेलेले अडून बसतात!”

कॉल संपल्यावर सर म्हणाले, “बोलता येते न तुला? काहून घाबरतेस मग?” त्यानंतर प्रत्येक कॉलवर ते मला बोलायला लावत. सरांच्या घरी गेलेल्यांसाठी काय करतात, हे मात्र मी कधी विचारलंच नाही.

सर गणपतीच्या आधी गेले. पितृपक्षात मी आईकडून वडे आणि खीर करवून घेतली आणि डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, झाकण उघडलं.

“अगं, आम्ही बौद्ध. आमच्यात श्राद्ध नाही घालत.”

सर बौद्ध आहेत हे मला माहीत होतं. त्याचा असाही अर्थ असतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. कुठे तोंड लपवू असं झालं. काकूंनी एक वडा उचलून खाल्ला. “पण वड्यानं काय घोडं मारलंय? बस. रविवारी पुण्यानुमोदन आहे. वंदना झाली की लोक त्यांच्याबद्दल बोलतात. ऑफिसकडून तू बोल.”

“मला नाही जमणार, काकू.”

“मग काय, डबा देऊन मोकळी होणार?”

रविवारी हॉल भरला होता. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, शेजारी सरांचा फोटो. भाऊ बोलले, शाळेतला मित्र बोलला. माझं नाव पुकारलं गेलं. इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी पर्समध्येच राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, “थोडं जोरात, ताई.”

मी जोरात सांगितलं. पितृपक्षात आमची टीम काही म्हणता काही विकत घेत नाही, पण सर दर वर्षी नेमका तेव्हाच नवा शर्ट घालून यायचे. विचारलं तर म्हणायचे, लक्ष्मी रोड सध्या माझ्या एकट्याचा आहे, दुकानदार चहासुद्धा पाजतो! हॉल हसला. काकू तर डोळे पुसत हसल्या. मग मला जे म्हणायचं राहिलं होतं, तेही म्हटलं... मराठीत.

परतताना लक्ष्मी रोडला उतरले. दुकानं खरंच रिकामी होती. निळा कुर्ता घेतला. आईने पिशवीत डोकावून विचारलं, “अमावास्येपर्यंत धीर नव्हता का?”

नव्हता. सोमवारी तोच घालून ऑफिसला गेले.