राणीचा हार आणि नत्थूजीचा माग

गोळीबार चौकामागच्या बोळात नत्थूजीचा हातमाग होता. माग मोठा होता, पण नत्थूजीच्या तोंडाएवढा नव्हे. ही सदुसष्ट सालची गोष्ट. गड्याला अक्षर येत नव्हतं, पण गोष्टीची चटक अशी, जशी दुसऱ्यांना दारूची असते. हात आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात, पाय मागाखालच्या पावडीवर. म्हणून वाचायचं काम नऊ वर्षांच्या जयाकडे, त्याच्या लेकीकडे. मागाच्या खटखटीवर आवाज चढवायचा आणि धोट्याच्या एका फेरीला एक शब्द, ही तिची रीत. तिनं काय चुकवलं ते बापाला कळायचं नाही. तो फक्त ओरडायचा, "थांबू नको वं! तू थांबली का माहा हात थांबते!"

घरात पुस्तक एकच, तेही बिनकव्हराचं. त्यात राणीचा हार चोरीला जातो. चोर कोण, हे शेवटच्या पानावर. आणि नेमकं तेच पान गायब.

"कुठं गेलं वं पान?"

"आईनं त्यात मुरमुरे बांधले, प्रयागमावशीले द्याले."

आतून बायजाबाई फणकारली, "मले काय मालूम, त्यात चोर बसला हाय म्हणून? राणीनंच लपवला असन. बायकांचं मले शिकवू नका."

"प्रधानानं चोरला!" नत्थूजी गरजला.

त्या दिवसापासून नवराबायकोत अबोला, आणि तोही एका कागदी प्रधानावरून! नत्थूजीचा जीव त्या हारात अडकला. एका लुगड्याचा काठ बोटभर जास्त रुंद झाला, त्याचंही खापर प्रधानावर.

मग कळलं, धरमपेठेतल्या एका वाचनालयात तेच पुस्तक सबंध आहे. मुलांना फुकट देतात, फक्त ग्रंथपाल मधुकररावांपुढे एक पान मोठ्यानं वाचून दाखवायचं. रविवारी धुतलेली टोपी घालून, जयाला सायकलच्या दांडीवर बसवून नत्थूजी निघाला.

जयानं पहिला शब्द असा ठोकला, की पेपर उघडून डुलक्या घेणारे तीन पेन्शनर एकदम जागे झाले.

"हळू!" मधुकरराव दचकले. "इथं लोक वाचतात."

जयानं आवाज खाली आणला आणि तिची गाडी तिथंच अडकली. घरी शब्दामागं धोटा धावायचा. इथं नुसती शांतता.

"येत नाही वाटतं," म्हणत मधुकररावांनी हात पुढे केला, पुस्तक परत घ्यायला.

हार निघालाच होता हातातून! दाराशी उभ्या नत्थूजीनं चप्पल काढली आणि लाकडी बाकावर हाणली. खट. जयाचा शब्द सुटला. खट. दुसरा. पान संपेपर्यंत धडाधड.

"हे काय चालवलंय?"

"माग चालवून राहिलो साहेब. तुमी आयका."

मधुकररावांनी पुस्तक दिलं. अट एकच, पुढच्या वेळी पोरीनं बापाला आणायचं नाही.

घरी अबोला विसरून बायजाबाईसुद्धा मागाशी येऊन बसली. जयानं सरळ शेवटचं पान उघडलं. हार कावळ्यानं नेला होता.

नत्थूजीचा धोटा अर्ध्यातच थांबला. "कावळा? दोन महिने मी प्रधानाले शिव्या घालून राहिलो, अन् चोर कावळा?"

बायजाबाई पदरात तोंड खुपसून हसत होती.

"चूप वं!" नत्थूजीनं पावडी दाबली. "जया, पहिल्या पानापासून वाच. त्या कावळ्याले कोणी शिकवलं, थे पाहू."