तोलाची खूण

"खोटारडी आहेस तू," सर सगळ्यांसमोर ओरडले. माझ्या बोटावर तोललेला बाण त्यांनी हातानं उडवला. मातीत पडला.

तालुक्याच्या मैदानावर तिरंदाजीच्या जिल्हा संघाची निवड चालू होती. संस्थेच्या अध्यक्षाच्या मुलीचे बाण सारखे खाली जाऊन राह्यले होते. ती रडली. मग दोष कोनाचा? बाण मोजनारीचा. म्हंजे माझा.

बारावीत हाय मी. अब्बा डोणगावात फर्निचर बनवतात. मोजमापात माझा हात साफ, म्हनून सरांनी सगळ्यायचे बाण माझ्याकडंच दिले होते. बाण पट्टीच्या धारेवर आडवा ठेवायचा. जिथं सरळ राह्यला तिथं पेनानं खूण. सगळ्या बाणांची खूण एकाच जागी आली पाहिजे. दोन वर्षं हेच केलं. माझा सराव उरल्या वेळात.

त्या दिवशी अध्यक्षाच्या मुलीनं तिच्या बाणांची टोकं बदलली होती. जड टोकं. तोल खुणेच्या बोटभर पुढं गेला होता, म्हनून बाण खाली जात होते. तेच मी दाखवत होती.

"सर, टोकं बदलली हायेत. पाहा ना."

कोनी पाह्यलं नाही.

"मिस्तरीच्या पोरीला मोजायला दिलं, तिथंच चुकलं," अध्यक्ष हसले. "माफी माग."

अब्बा मले न्याले आले होते. गर्दीतून पुढं झाले. मले वाटलं, भांडतील. त्यांनी हात जोडले.

"साहेब, लेकरू हाय. चुकी झाली." मग माझ्याकडं पाहून हळूच, "बोल बेटा."

"चुकलं माझं."

"जोरात," सर म्हनले.

जोरात बोलली.

माझा नंबर आला तवा एकही बाण मधी लागला नाही. निवड झाली नाही. अब्बांनी गाडीवर घरी नेलं. मागं बसून मले त्यांचा राग येत होता, अन् रडूही.

सोमवारी सरांनी बाणांचा गठ्ठा पुढं केला. जसं काही झालंच नाही.

"संध्याकाळपर्यंत मोजून दे."

"नाही मोजत, सर. ज्याचे त्यानं मोजावे."

"मग उद्यापासून येऊ नको."

गठ्ठा मी त्यांच्यापुढं परत सरकवला. म्हनलं, "मैदान सरकारी हाय. मले काढायचं तर लिहून द्या."

अजून लिहून दिलं नाही. माझ्याशी कोनी बोलत नाही. कडेचं फाटकं टार्गेट मले देतात. मी रोज जाते. माफी आता मागनार नाही. अब्बांनी सांगितलं तरी नाही.