सूर्य वळतो तो दिवस

माझे वडील भिक्षुकी करायचे. नौपाड्यातली बरीच घरं, रुळांपलीकडे कोपरीतली काही आणि खाडीपलीकडे कळव्यातली दोन-तीन, एवढे त्यांचे यजमान. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घर आत्या सांभाळायची. ती वडिलांहून मोठी, ऐन पोरवयात विधवा होऊन माहेरी आलेली. वडिलांना ‘अरे’ म्हणणारं आमच्या माहितीत तेवढं एकच माणूस होतं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात होते. भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर पृथ्वी काढून सांगितलं की बावीस डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेचं टोक गाठतो आणि तिथून उत्तरेकडे वळतो. मी उभी राहून विचारलं, मग उत्तरायण चौदा जानेवारीला, संक्रांतीला लागतं असं आमच्या घरी का म्हणतात? बाई हसल्या आणि म्हणाल्या, ते तुझ्या वडिलांना विचार. त्या सहज बोलल्या असतील, पण मी त्याच दिवशी विचारलं.

वडील जेवत होते. ताकभात कालवता कालवता त्यांचा हात थांबला. “शाळेतलं शाळेत ठेवावं,” एवढंच म्हणाले आणि लवकर उठले. ते रागावले असते तर मला चाललं असतं, त्यांचा राग मला ओळखीचा होता. पण ते मला टाळत होते, आणि तसं त्यांनी कधी केलं नव्हतं. आत्याने मात्र आडपडदा ठेवला नाही. फार विचारलं की देव घरातून उठून जातो, म्हणाली. शिकल्यासवरल्यांच्या घरी बघ, देव्हारा असतो, पण आत कोणी नसतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनीच मला युक्ती सांगितली. उन्हात एक काठी सरळ उभी करायची आणि भरदुपारी सावली सगळ्यांत आखूड होते तेव्हा तिच्या टोकाशी खूण करायची. ही दुपारची सावली दिवसागणिक लांबत जाते तोवर सूर्य दक्षिणेकडे चाललाय, आणि आखडायला लागली की वळला. मी मागच्या अंगणात फरशीच्या फटीत बांबू रोवला आणि रविवारी कोळशाने खूण केली. इतर दिवशी दुपारी मी शाळेत असायचे, म्हणून आठवड्याला एकच खूण होणार होती.

पुढच्या रविवारी पाहते तर माझ्या कोळशाच्या खुणेपलीकडे हळदीचे पिवळे ठिपके, ओळीने. मला वाटलं वडिलांनी केले. पण दुपारी ते यजमानांकडे असायचे. मग घरात राहिलं कोण?

आत्याला विचारलं तर ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, तुझी काठी माझ्या वाळवणाच्या मधे येते, बघावंच लागतं तिच्याकडे. डिसेंबरच्या शेवटाकडे मी शाळेतून घरी आले तेव्हा ती दारातच उभी होती.

“चार दिवस झाले, ठिपका पुढे सरकत नाही. एकावर एक पडतोय,” ती म्हणाली. “दमला बहुतेक सूर्य.”

मग ठिपके मागे यायला लागले. भोगीच्या दिवशी ते चार-पाच बोटं मागे आले होते. वडील घरी येताच आत्याने त्यांना हाताला धरून अंगणात नेलं आणि म्हणाली, बघ. वडील उकिडवे बसले. एकेका ठिपक्यावर बोट ठेवत शेवटपर्यंत गेले आणि तिथेच बसून राहिले.

मग त्यांनी सांगितलं, त्यांना हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. पाठशाळेत असताना त्यांच्या गुरुजींनी एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि बजावलंही होतं की यजमानाला सांगू नकोस. एक सांगितलंस की तो दहा विचारेल आणि नवव्याचं उत्तर तुझ्याकडे नसेल.

“मग इतकी वर्षं भ्यालास कोणाला? देवाला?” आत्याने विचारलं.

“देवाचं भय नव्हतं,” वडील म्हणाले. “एक वीट काढली तर भिंत उभी राहील की नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं.”

संक्रांतीला कोपरीतल्या एका वकिलांकडे पूजा होती. शिधा आणायला मीही बरोबर गेले होते. पूजा आटोपल्यावर वकिलांच्या आईंनी दरवर्षीसारखं आजच्या दिवसाचं महत्त्व विचारलं. वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सूर्य कधीच वळला आहे हे सांगून टाकलं. आई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे पूर्वीच्यांनी खोटं सांगितलं?”

“नाही. त्यांनी पाहिलं तेव्हा ते खरं होतं. शेकडो वर्षांत ते हळूहळू सरकलं, आणि आपण पुन्हा पाहायचं सोडलं.”

निघताना वकील फाटकापर्यंत आले. हलक्या आवाजात म्हणाले, मला हे माहीत होतं, पण आईसमोर बोलायला नको होतं, या वयात तिला दुसरा आधार काय? वडिलांनी माझ्या हातातली शिध्याची पिशवी घेतली आणि ते चालू लागले. रूळ ओलांडून नौपाड्यात येईपर्यंत त्यांचा चेहरा उतरलेला होता.

रथसप्तमीला त्याच घरून बोलावणं आलं, आणि ते आईंचं होतं. मीही बरोबर गेले. त्यांनी मधल्या दिवसांत प्रश्न जमवून ठेवले होते. ग्रहणाचे, अधिक महिन्याचे, चंद्राच्या डागाचे. वडील सांगत गेले, आणि एका ठिकाणी थांबून म्हणाले, “हे मला ठाऊक नाही.” यजमानासमोर त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. आईंनी समाधानाने मान हलवली. मग उठून सूर्याला अर्घ्य दिलं, नेहमीच्याच भक्तीने. वकील दारात उभे राहून आईकडे बघत होते. आधार त्यांना वाटला होता त्याहून पक्का होता.

नौपाड्यातल्या दोन घरांनी मात्र वडिलांना बोलवायचं बंद केलं. गुरुजी नास्तिक झाले, असं तिथे म्हणत. वडिलांना ते लागलं. तरी पहाटेची संध्या, पूजा, एकादशी, काही म्हणता काही सुटलं नाही. उलट पूर्वी पूजेच्या वेळी कोणी काही विचारलं की ते घाई करायचे, ती घाई गेली.

पुढे मी डोंबिवलीच्या एका शाळेत शिकवायला लागले. सुट्टीत घरी आले की ओसरीवर कोणी ना कोणी शंका घेऊन बसलेलं असायचं. “बघून सांगतो” हे वडिलांचं ठरलेलं उत्तर झालं होतं, आणि ते खरोखर बघून सांगायचे. एकदा कळव्याच्या एका यजमानांनी पावसाच्या नक्षत्रांबद्दल असं काही विचारलं की वडील दोन आठवडे याच्या-त्याच्याकडून पुस्तकं मागून आणत होते. आत्या त्यांच्यासमोर चहा ठेवून जायची आणि तो निवून जायचा. इतके खुशीत मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं.